एकसष्टचं कोडं

१७६६३१९०४९.

आकडे मोजाल तर दहा भरतील, पण हा कुणाचा मोबाईल नंबर नाही. हे एका साध्या दिसणाऱ्या कोड्याचं उत्तर आहे. एका पूर्ण संख्येचा वर्ग करा, त्याला ६१ ने गुणा, वर १ मिळवा. येणारी संख्याही कशाचा तरी वर्ग असली पाहिजे.

६१ च्या शेजाऱ्यांना हे सहज जमतं. ६० घेतले तर ४ चा वर्ग १६, साठ गुणिले सोळा ९६०, अधिक एक ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. ६२ घेतले तर ८ आणि ६३ वर काम भागतं. मधल्या ६१ ला मात्र लहानात लहान संख्या लागते २२६१५३९८०, आणि दुसऱ्या बाजूला वर्ग येतो आपल्या या दहा अंकी पाहुण्याचा! असं का, हे बघून सांगता येत नाही.

भास्कराचार्यांनी हे उदाहरण ‘बीजगणिता’त, ११५० च्या सुमारास, सोडवून दाखवलं. चाचपडत इथवर कुणी पोचणार नाही. त्यांच्या हाती चक्रवाल पद्धत होती. ८ चा वर्ग ६४. त्यातून ६१ वजा करता उरतात ३. हवा आहे १. म्हणून चाक एकदा फिरवायचं: ३९ चा वर्ग १५२१, ५ च्या वर्गाची ६१ पट १५२५, फरक उणे ४. आता ब्रह्मगुप्ताची (इ.स. ६२८) भावना कामाला येते. तिने अशा दोन जोड्यांतून तिसरी मिळते. त्यातून येतात २९७१८ आणि ३८०५. इथे फरक उणे १. शेवटी २९७१८ च्या वर्गाची दुप्पट करून १ मिळवा. कॅल्क्युलेटर काढून बघाच!

१६५७ मध्ये फ्रान्समध्ये फर्माने हेच ६१ आव्हान म्हणून मांडलं. इंग्लंडच्या ब्राउंकरने अशा प्रश्नांची रीत शोधली, पण पुढे ऑयलरने या समीकरणाला नाव दिलं पेलचं, ज्याचा त्याच्याशी फारसा संबंधच नव्हता. भास्कराचार्यांचा ग्रंथ कोलब्रुकने इंग्रजीत आणला तो १८१७ साली.

इथे ‘बघा, सगळं आपल्याकडे आधीच होतं’ असं म्हणून छाती फुगवायचा मोह होतो. पण १०७३ च्या सुमारास उदयदिवाकर चक्रवाल पद्धत सांगतो ती जयदेवाच्या नावाने. भास्कराचार्य स्वतः ब्रह्मगुप्त, श्रीधर, पद्मनाभ यांचं ऋण ग्रंथाच्या शेवटी नोंदवतात. मला जास्त मोलाचं वाटतं ते हे, की एकाने अर्ध्यावर आणलेलं दुसऱ्याने पुढे नेलं.

चाळीसगावजवळच्या पाटणला एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी १२०७ च्या सुमारास मठ काढला, त्याचा हा लेख. एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाडांनी तो उजेडात आणला. लेख संस्कृतात, पण शेवटचा भाग चक्क मराठीत: बाजारातल्या कुठल्या मालावर मठाला किती द्यायचं, त्याचा हिशेब. म्हणजे गावच्या पेठेतल्या व्यवहारावर गणिताचं शिक्षण चालत होतं!

आजोबांचा नुसता अभिमान बाळगणं चांगदेवालाही सोपं होतं. त्याने शिकवायची सोय केली. आपण निदान कागद-पेन्सिल घेऊन ८ च्या वर्गातून ६१ वजा करून बघू. ३ उरतील. पुढचं चाक ज्याचं त्याने फिरवावं.