खुब्यातला पू, की धातूची झीज?

२४ ऑगस्ट २०१० रोजी ‘डीप्यू’ कंपनीने धातूवर धातू फिरणारे ‘एएसआर’ खुबे जगभरातून परत मागवले. भारतात ते सुमारे ४,७०० रुग्णांना बसवले गेले होते. २०११ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मुंबईत गुन्हा नोंदवला. पुढे नुकसानभरपाईच्या वादात शल्यविशारदांपुढचा मूळ पेच झाकोळला, असे मला वाटते: खुबा निकामी झाला तो जंतूंमुळे, की कोबाल्ट-क्रोमियमच्या कणांमुळे? सांध्यातला द्रव दोन्हींत पुवासारखा दिसू शकतो. पेशी मोजणारे यंत्रही धातुकण आणि मृत पेशींच्या कचऱ्याने फसते. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली हाताने मोजणी करायची आणि कल्चर चौदा दिवसांपर्यंत राखायचे. जंतू नजरेतून सुटले, तर नवा खुबा त्याच संसर्गात बसतो. नसलेले जंतू मानले, तर रुग्ण विनाकारण प्रतिजैविके घेत दुसऱ्या शस्त्रक्रियेची वाट पाहत राहतो.