इर्ल्यातील पाणी आणि कलम २९५-अ

१/ मार्च २०१२. विलेपार्ल्यातील इर्ला येथे वेलंकणी मातेच्या चर्चबाहेर गर्दी लोटली होती. क्रूसावरील येशूमूर्तीच्या पायांतून पाणी ठिबकत होते. भाविक ते तीर्थ म्हणून प्राशन करीत होते.

२/ विवेकवादी कार्यकर्ते सनल एडामारुकू यांनी जागेची पाहणी केली. वातीत तेल चढते, तसे तुंबलेल्या गटाराचे पाणी केशाकर्षणाने भिंतीत चढते, असे त्यांनी दूरचित्रवाणीवर सांगितले. त्यांच्याविरुद्ध कलम २९५-अ अन्वये तक्रारी झाल्या. त्याच वर्षी ते फिनलंडला गेले.

३/ हे कलम १९२७ चे. लाहोरच्या ‘रंगीला रसूल’ या पुस्तिकेचा प्रकाशक उच्च न्यायालयात सुटला, त्या क्षोभातून ते जन्मले. मात्र भावना दुखावणे एवढ्याने गुन्हा होत नाही. कृत्य हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने केलेले असावे लागते.

४/ ही कसोटी मुंबईने पूर्वीच पाहिली होती. ‘रीझन’ या विवेकवादी मासिकाचे संपादक डॉ. डी’अ‍ॅव्हॉइन यांना धर्म व नीतीवरील लेखासाठी १९३३ मध्ये अटक झाली. दुष्ट हेतू न आढळल्याने १९३४ मध्ये ते निर्दोष सुटले.

५/ १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरविले, तेही याच अटीच्या आधारे. आज ते भारतीय न्याय संहितेत कलम २९९ म्हणून कायम आहे.

६/ पेच इथेच आहे. हेतूचा निवाडा खटल्याच्या अखेरीस होतो. अटकेचे भय पहिल्याच दिवशी येते. श्रद्धेचा मान राखूनही प्रश्न विचारता यावा, असे ज्यांना वाटते, त्यांनी या दोहोंमधील अंतर मोजले पाहिजे.