नेम धरणारी खोली

परांड्याच्या किल्ल्यातल्या बुरुजावरच्या तोफेवर तळहात ठेवा. उन्हानं तापलेला धातू चटका देतोय ना? इथल्या गोलंदाजाला निदान समोरचा शत्रू दिसायचा. आता डोळे मिटा. नेम धरणाऱ्यांना काहीच दिसत नाही, अशा ठिकाणी जाऊ.

पायांखालचा बुरूज डुलायला लागला? कठडा धरा! 1950 नंतरचा अरबी समुद्र आहे हा, आणि तुम्ही ‘आयएनएस दिल्ली’ या युद्धनौकेवर आहात; तिचं पूर्वीचं नाव ‘अकिलीस’. शिडी उतरा. अजून खाली. डोकं सांभाळा. हे ट्रान्समिटिंग स्टेशन. खिडकी नाही. तेल, रंग आणि घाम यांचा दाट वास, पंख्याची घरघर, वारा मात्र कोमट. खांद्याला खांदा लावून माणसं एका अवजड यंत्राभोवती बसलीत. त्याच्या पोटात दंतचक्रं आणि दांडे खडखडताहेत. हे फायर कंट्रोल टेबल. इथे गणित चाकं करतात.

सरकून बसा. समोरच्या तबकडीवर दोन काटे आहेत. एक हलला की हँडल फिरवून दुसरा त्याच्याशी जुळवायचा. शेजाऱ्याकडे लक्ष्याचा वेग, पलीकडच्याकडे वारा. तोफेचा गोळा 51 किलोचा. तो अर्धा मिनिट हवेत राहिला, तर 20 नॉटनं पळणारं जहाज तेवढ्यात 300 मीटर पुढे निघून जातं. म्हणून नेम जहाजावर धरायचा नाही. ते जिथे पोचणार, तिथे धरायचा. त्यात आपलं जहाजही पळतंय. हे सारे आकडे चाकांतून एकत्र येतात आणि वर तोफांना कळतं : किती उचलायचं, किती वळायचं.

आज सराव आहे. दूर कुठेतरी टगबोट लक्ष्य ओढतेय. घाम डोळ्यांत उतरला? पुसू नका, काटा सरकतोय!

धडाम! छातीत दणका बसतो, छताच्या रंगाचे पोपडे मानेवर पडतात. फोनवर वरून आवाज येतो, “अप टू हंड्रेड!” म्हणजे गोळे अलीकडे पडले, पल्ला दोनशेनं वाढवा. हँडलं फिरतात, चाकं करकरतात. पुन्हा दणका. या वेळी लक्ष्याच्या अलीकडे आणि पलीकडे, दोन्हीकडे पाणी उसळलंय. “स्ट्रॅडल!” खोलीत आरोळी उठते.

लक्ष्य तुम्ही पाहिलंही नाहीत, तरी या नेमात तुमचा हात आहे. तुमचा हात चुकला असता, तर वरच्या सहाही तोफा चुकल्या असत्या. हँडल सोडू नका. टगबोट वळली, तुमचा काटा सरकलाय.