मुठीचं माप

खुरप्याला मूठ बसवायची तर आधी हात बघायचा, ही कोऱ्हाळे बुद्रुकमधल्या आमच्या घरची रीत. वडील सुतार, आम्ही त्यांना आबा म्हणायचो. परक्या बाईचा हात ते हातात घेणार नाहीत, म्हणून मापाचं काम माझ्याकडे. बाईनं मूठ वळायची, मी तिच्या बोटांच्या आत राहिलेल्या पोकळीत दोऱ्याची गुंडाळी बसवायची आणि ती आबांना नेऊन द्यायची. तेवढ्यावर ते बाभळीचा तुकडा निवडत.

बाभूळ आधी पाण्यात मुरवलेली असे, म्हणजे तिला कीड लागत नाही. वाकसानं ढोबळ आकार, मग कानस, शेवटी फुटक्या काचेनं खरवडणं. खुरप्याचं टोक भट्टीत लाल करून लाकडात ठोकलं की धूर निघायचा आणि लोखंड आपली जागा स्वतःच जाळून घ्यायचं. वर लोखंडी शेंबी. मूठ पोटाला किंचित फुगीर, पात्याकडे निमुळती. बोटांसाठी खाचा मात्र आबा कधीच पाडत नसत. भांगलताना बाई तण ओढते, लगेच माती उकरते, मध्येच हात बदलते. खाच एकाच पकडीला सोयीची. पकड बदलली की दोन खाचांमधला उंचवटा बोटांत रुततो. शिवाय सासूचं खुरपं उद्या सुनेच्या हातात जाणार. माझ्या मते आबांच्या कारागिरीतली सगळ्यांत शहाणी गोष्ट हीच.

ही मूठ बलुत्यातली होती. सुतार हा थोरल्या ओळीतला बलुतेदार. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’त ही सगळी व्यवस्था आली आहे, तिच्यातल्या अन्यायासकट. वर्षभर औतं, मुठी करायच्या आणि सुगीला खळ्यावरून ज्वारी-बाजरी आणायची. मूठ सैल झाली तर तीच बाई पुन्हा दारात उभी राहणार, म्हणून माप अचूक घ्यावंच लागे.

हे मोडलं ते पाण्यानं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत भाटघर धरण आणि नीरा डावा कालवा झाला आणि या पट्ट्यात ऊस वाढत गेला. आधी गुऱ्हाळं, पुढे १९३० नंतर इंदापूर तालुक्यात वालचंदनगर, मग आमच्या दोन्ही बाजूंना माळेगाव आणि सोमेश्वर हे सहकारी कारखाने. ज्वारीच्या जागी ऊस आला तसं खळं गेलं आणि खळ्यासोबत बलुतंही. उसाचं बिल येतं, त्यातून सुताराला पेंढी काढून देता येत नाही. आबा रोखीनं काम करू लागले.

मग कोयते आले. १९७२ च्या दुष्काळानंतर बीड-नगरकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या वाढल्या. नवरा-बायकोच्या जोडीलाच एक कोयता म्हणतात, मुकादमाची उचलही तशीच मोजली जाते. कोयत्याचं काम खुरप्यापेक्षा क्रूर. साखर बुडख्यात जास्त, म्हणून घाव जमिनीलगत पडला पाहिजे, तिथं जोर खांद्यातून येतो. वाढं छाटताना मात्र नुसतं मनगट फिरतं. पहाटेची थंडी, दव, उसाचा चिकट रस यांनी मूठ निसटते. आबांनी कोयत्याच्या मुठीला शेवटी बोंड ठेवायला सुरुवात केली, करंगळी तिथं अडते. तोडकरी त्यावर सायकलची ट्यूब किंवा जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळत. पण कोयता जोडीचा आणि माप नवऱ्याच्या हाताचं. नवरा मोळ्या बांधायला लागला की त्याच मुठीनं बायको ऊस तोडायची.

घडीचा चाकू आमच्याकडे उशिरा आला, द्राक्षाच्या कलमांसाठी. एका बागायतदारानं प्लास्टिकच्या मुठीचा, बोटांच्या खाचा पाडलेला चाकू आणला. मूठ तडकली होती, त्याला लाकडाची हवी होती, तशाच खाचांची. आबांनी चाकू मिटून-उघडून बराच वेळ पाहिला. घडीच्या चाकूची अडचण वेगळी: पातं मुठीत लपतं, त्याची फट बोटांच्याच बाजूला असते. तिथं खाचा कोरल्या तर फटीच्या दोन्ही भिंती उथळ होतात आणि मिटल्यावर धार बोटापाशी येऊ शकते. आबांनी साधी, गोलसर मूठ दिली. फ्रान्समधल्या साव्हॉय भागात जोसेफ ओपिनेलनं १८९० साली शेतकऱ्यांसाठी केलेला घडीचा चाकूही असाच, बीच लाकडाच्या गोल मुठीचा, खाचांशिवाय. आबांना त्याचं नावही माहीत नव्हतं.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पक्ष्यांच्या, घोड्यांच्या आकाराचे अडकित्ते जपून ठेवले आहेत आणि ते बघण्यासारखेच आहेत. खुरप्याची मूठ मात्र मोडली की चुलीत जाते, म्हणून तिचा कारागीर कुणाला माहीत नसतो.

आता दुकानात मिळणाऱ्या मुठी एकाच मापाच्या, पुरुषाच्या हाताच्या. या शिवारात खुरपं धरतात बायका. ट्यूब गुंडाळून जाड मूठ बारीक होत नाही. खुरप्याच्या मुठी निदान दोन मापांत करा, असं मी भेटेल त्या दुकानदाराला सांगते, आणि सांगत राहणार आहे.