१६३० फुटांच्या खाली

मे महिना संपत आला आहे. पळसदेवच्या काठावर, भेगाळलेल्या गाळात तुम्ही उभे आहात. उजनी धरणाचं पाणी मागे हटलं आहे आणि पळसनाथाच्या मंदिराचं विटांचं शिखर उघडं पडलं आहे. माणसं येतात, शिखरासोबत फोटो काढून घेतात, निघून जातात. तुमच्या पिशवीत भारतीय सर्वेक्षण विभागाची जुनी टोपोशीट, म्हणजे भूभागाचा तपशीलवार नकाशा, आहे. एक इंचाला एक मैल हे तिचं माप, ‘४७ जे’ हा तिचा मोठा चौकोन. ती उलगडा.

शीटवर धरण नाही. शेतांच्या पिवळ्या रंगातून भीमा वळणं घेत गेली आहे आणि दर ५० फुटांना एक तपकिरी समोच्च रेषा आहे. आता पेन्सिल काढा. उजनी काठोकाठ भरते तेव्हा पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर असते, म्हणजे १६३० फूट. १६०० आणि १६५० या दोन रेषा शोधा आणि त्यांच्या मधून, १६५० च्या किंचित जवळून, पेन्सिल फिरवत न्या. प्रत्येक ओढ्यापाशी ती आत शिरेल, प्रत्येक टेकाडाला वळसा घालून बाहेर येईल. १९८० साली धरण पूर्ण झालं आणि पाण्याने जो काठ धरला, तोच तुमच्या हाताखाली उमटतो आहे. या रेघेच्या आत जे छापलं आहे, ते सारं पाण्याखाली गेलं. आता या रेघेच्या आत उतरा.

शंभर वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यातली सकाळ आहे. पायाखाली गाळाऐवजी काळी जमीन आहे आणि दोन्ही बाजूंना ज्वारी डोक्यापर्यंत आली आहे. शीटवरची तुटक रेघ म्हणजे ही गाडीवाट. चाकोरी इतकी खोल आहे, की वाट किती पिढ्या वापरात आहे हे विचारावं लागत नाही. शीटवर निळी वर्तुळं दिसतात ना, त्या विहिरी. एका ओळीत त्या दाट झाल्या, की तिथे मोटा चालू आहेत, मळे हिरवे आहेत असं समजा. काळ्या रेघेचा ओढा वर्षातला बराच काळ कोरडा असतो, म्हणून तो काळा. एवढ्या दोन खुणांवरून कुठल्या शिवारात बागायत होती आणि कुठे लोक आभाळाकडे बघून पेरत होते, याचा अंदाज बांधता येतो.

लाल चौकोनांच्या पुंजक्यापाशी या. हे गाव. पळसनाथाच्या गाभाऱ्यात पिंड जागेवर आहे, बाहेर वीरगळ आहेत, आत दिवा आहे. जवळच्या दुसऱ्या मंदिराच्या दगडांवर रामायणाचे प्रसंग कोरले आहेत. मोकळ्या जागी तिवईवर फळी ठेवून एक सर्वेअर उभा आहे. तो अलिदाद, म्हणजे नेम धरायची पट्टी, शिखरावर रोखतो, फळीवरच्या कागदावर रेघ ओढतो. त्याचा मदतनीस, म्हणजे खलाशी, लांब टेकाडावर निशाण धरून आहे. सर्वेअर गावकऱ्यांना पलीकडच्या वाडीचं नाव विचारतो. पावसाळ्यापूर्वी तो कचेरीत परतेल आणि ही रेघ शाईने पक्की होईल. हे गाव उठेल, पिंड नव्या पळसदेवच्या मंदिरात जाईल, हे इथे कुणाच्या मनातही नाही.

वरच्या अंगाला आगगाडीची शिट्टी ऐकू येते. १८५८ च्या अखेरीस ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे पुण्याहून डिकसळपर्यंत आली, १८६० मध्ये सोलापूरला पोचली. शीटवर हा मार्ग डिकसळपाशी भीमा ओलांडतो. शेजारी नवी शीट ठेवली, तर रूळ दुसरीकडून गेलेले दिसतील, कारण जलाशयासाठी मार्गच हलवावा लागला. डिकसळच्या जुन्या रेल्वेपुलावरून पुढे इंदापूर आणि करमाळ्याकडची वाहनं जाऊ लागली. पाण्यावरचा तो दगडी पूल असा का उभा आहे, हे जुन्या शीटवाचून कळत नाही.

खाली कळाशी आणि कुगावकडे या. शीटवर ही दोन गावं नदीच्या दोन तीरांवर आहेत, मध्ये पात्राची पट्टी. उन्हाळ्यात नदीला उतार मिळाला, की माणसं सोयरिकीला, बाजाराला पलीकडे जात. आता आजच्या काळात या. मध्ये पाण्याचा मोठा विस्तार आहे, आणि २०२४ च्या मे महिन्यात याच दोन गावांमध्ये वादळात बोट उलटून सहा जण बुडाले. धरणाने जमीन घेतली, तिची नोंद सरकारी दप्तरात आहे. शेजार तुटला, त्याची नोंद कुठल्याच दप्तरात नाही. कोण कुणापासून किती अंतरावर राहत होतं, हे सांगणारा पुरावा म्हणजे ही शीट.

पण शीट एकटी पुरत नाही. सर्वेअरने वाडीचं नाव विचारलं, शेताचं विचारलं नाही. विहीर दाखवली, तिच्यावर कुणाला पाणी भरू देत आणि कुणाला नाही, हे दाखवलं नाही. त्यासाठी नव्या गावठाणात जा. पारावर शीट पसरा, एका वाटेवर बोट ठेवा आणि विचारा, “नाना, ही वाट कुठं जायची?” नानांचं बोट तुमच्या बोटाच्या पुढे सरकेल. कुठल्या वळणावर चिंच होती, कुठल्या मळ्यात ऊस होता, बैल कुठे पाण्यावर उतरायचे, हे सगळं येईल. ते पेन्सिलीने तिथेच लिहा, सांगणाऱ्याच्या शब्दांत.

उजनीत ११७ टीएमसी पाणी साठतं. त्या पाण्याने कितीतरी शिवारं भिजली, शहरांची तहान भागली. ज्यांनी जमीन दिली त्यांच्या गावांचा भूगोल लिहून ठेवणं हे त्या पाण्याचं देणं आहे. १९८० साली विशीत असलेला माणूस आज पासष्टीच्या पुढे गेला आहे, आणि त्या वाटांवरून बैलगाडी हाकलेली माणसं त्याच्याहूनही वयाने मोठी. तुमच्या तालुक्याची जुनी शीट मिळवा, धरण उजनी असो की कोयना. येत्या सुट्टीत ती घेऊन अशा माणसांसमोर बसा.