बुडाखालचा शिक्का

१९२८ साली चीनमधल्या सुचौ शहरात जुन्यापान्या वस्तूंच्या एका ठेल्यावर छू नानछ्यांग या गृहस्थांना मातीची एक चहादाणी दिसली. तिचं अंग झाडाच्या खोडावर येणाऱ्या गाठीसारखं खडबडीत होतं आणि कानाजवळ एक नाव कोरलेलं होतं : गोंगचुन. छू मूळचे यीशिंगचे. ज्या गावच्या मातीच्या चहादाण्या चीनभर वाखाणल्या जातात, ते हे यीशिंग. तिथल्या माणसाला गोंगचुन हे नाव वाचून काय वाटलं असेल, याची कल्पना करता येते. कारण यीशिंगच्या परंपरेप्रमाणे सगळ्या नामवंत चहादाण्यांचा मूळपुरुष हाच.

त्याची कथा अशी. मिंग काळात, १५०६ ते १५२१ या झंगद सम्राटाच्या कारकिर्दीत, वू नावाचे एक विद्वान चिन्शा मठात अभ्यासाला राहिले होते. गोंगचुन त्यांचा नोकर. मठातला एक म्हातारा भिक्षू मातीची भांडी घडवायचा. त्याचं काम पाहून, त्याचीच निवळलेली माती घेऊन, या पोऱ्याने बोटांनी दाबून चहादाणी केली. जुन्या वर्णनांत त्या भांड्यावर बोटांचे ठसे दिसत असल्याचं सांगितलं आहे.

छू यांनी ती चहादाणी विकत घेतली आणि तिच्या आधीच्या मालकांचा माग काढला. त्यात वू दाछेंग हे छिंग राजवटीतले बडे अधिकारी आणि नावाजलेले संग्राहक निघाले. भांड्याचं मूळ झाकण हरवलेलं होतं. सोबत होतं ते हुआंग यूलिन या एकोणिसाव्या शतकातल्या कारागिराने बसवलेलं, भोपळ्याच्या देठासारखं. पुढे हुआंग बिनहोंग या चित्रकारांनी ते पाहिलं आणि हरकत घेतली : अंग झाडाच्या गाठीचं, मग झाकण भोपळ्याचं कसं? हरकत रास्त होती. छू यांनी पेइ शिमिन या कारागिराकडून गाठीच्याच घाटाचं नवं झाकण करून घेतलं. १९५०च्या दशकात त्यांनी चहादाणी सरकारला दिली. आज ती बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

आता यातली मुख्य अडचण. विसाव्या शतकातले यीशिंगचे सर्वांत मोठे कारागीर गू जिंगचोऊ (१९१५–१९९६) यांना ही चहादाणी गोंगचुनची वाटत नव्हती. झाकण बसवणाऱ्या हुआंग यूलिनच्याच हातची ती असावी, अशी त्यांची शंका होती. म्हणजे ज्याला आपण दुरुस्ती करणारा समजतो, तोच कदाचित कर्ता. नाव कोरलेलं आहे, संग्रहालयाचं कपाट आहे, मालकांची साखळीही आहे. पण साखळी एकोणिसाव्या शतकाच्या मागे जात नाही आणि कोरलेलं नाव कुणीही कोरू शकतो. माझं मत गू यांच्या बाजूचं आहे.

मग पाय टेकवायला घट्ट जमीन कुठे? ती थडग्यांत आहे. १५३३ साली नानजिंगमध्ये वू जिंग नावाच्या खोजा अधिकाऱ्याला पुरलं. त्याच्या थडग्यात वरून कमानीसारखी मूठ असलेली एक चहादाणी मिळाली. तिच्यावर ना नाव, ना शिक्का, पण काल पक्का. यीशिंगच्या चहादाण्यांतली काल नक्की ठाऊक असलेली सर्वांत जुनी चहादाणी हीच. तिच्या अंगावर झिलईचे थेंब सांडलेले आहेत, कारण तेव्हा ही भांडी झिलईच्या रांजणांबरोबर एकाच भट्टीत, काहीही न झाकता भाजत. पुढे चहादाण्या वेगळ्या बंद डब्यांत ठेवून भाजू लागले आणि डाग गेले. असा तपशील नक्कल करणाऱ्याला सहसा सुचत नाही. सुचला तरी तो डाग मुद्दाम, नको तिथे पाडतो.

माती आणि हात यांबद्दल थोडं विस्ताराने सांगायला हवं, कारण परीक्षा तिथेच होते. यीशिंगची माती म्हणजे आपल्या बरणीची पांढरी चिनी माती नव्हे. ती हुआंगलोंग डोंगरातल्या थरांतून दगडासारखी निघायची. तिला उन्हापावसात ठेवून फुटू देतात, मग दळून, भिजवून, मुरवून वापरतात. लोहाच्या प्रमाणाप्रमाणे जांभळट, तांबडी, पिवळसर असे रंग येतात. साधारण १,१०० ते १,२०० अंश सेल्सियसला भाजल्यावर ती टणक होते, तरी अंगात बारीक छिद्रं राहतात. आत झिलई नसते, म्हणून वर्षानुवर्षं चहा मुरत जातो आणि भांड्याला तेज चढतं. घडवताना चाक वापरत नाहीत. मातीची पट्टी थापून तिचं नळकांडं करतात, लाकडी थापीने ठोकत त्याला पोट आणतात, आणि तोटी, कान, झाकण वेगळं करून जोडतात. त्यामुळे आतून बोट फिरवलं की जोड, पट्टीची शिवण, तोटीच्या मुळाशी दाबलेली माती हाताला लागते. आत चाकावरच्या गोल रेघा एकसारख्या फिरलेल्या दिसल्या, तर हाताने थापून घडवल्याचा दावा तिथेच संपतो.

नावं कोरायचा रिवाज रूढ झाला तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस, शि दाबिन या कारागिराच्या काळात. झोउ गाओची या लेखकाने १६४०च्या सुमारास यीशिंगच्या चहादाण्यांवर पुस्तक लिहिलं. त्यात नोंद आहे की दाबिन आधी चांगलं अक्षर असणाऱ्याकडून नाव लिहून घेई आणि त्यावरून बांबूच्या सुरीने कोरी. पुढे तो स्वतःच थेट कोरू लागला. म्हणजे पहिल्या काळातल्या सहीतही अक्षर दुसऱ्याचं होतं! पुढे ही फारकत वाढतच गेली. हुई मंगचेन हा कारागीर लहान तांबड्या चहादाण्यांसाठी गाजला. त्याच्यामागे दोन-अडीचशे वर्षं तशा लहान चहादाण्यांवर त्याचंच नाव पडत राहिलं. छेन मिंगयुआन या कारागिराच्या फळाफुलांच्या घाटांचं तेच झालं. छेन मानशेंग (१७६८–१८२२) हा तर सरकारी अधिकारी आणि कवी. घाट सुचवायचा तो, ओळी कोरायचा तो, आणि माती घडवायचा यांग फंगन्येन. चहादाणी ओळखली जाते मानशेंगची म्हणून.

युरोपात ही भांडी सतराव्या शतकात जहाजांतून गेली आणि डेल्फ्टच्या कुंभारांनी, स्टॅफर्डशरमध्ये एलर्स बंधूंनी, ड्रेस्डेनमध्ये बॉटगरने तांबड्या नकला केल्या. अठराव्या शतकातल्या स्टॅफर्डशरच्या चहादाण्यांखाली चिनी दिसणारे पण कुठलाच अर्थ नसलेले शिक्के सर्रास सापडतात. शिक्का हा मालाचा भाग झाला होता.

याचं टोक विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शांघायमध्ये गाठलं गेलं. तिथल्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांनी यीशिंगचे सर्वांत हुशार तरुण हात पगारावर बसवले आणि मिंग-छिंग काळातल्या नावांनी माल करून घेतला. वर उल्लेख आलेले गू जिंगचोऊ त्यांत होते, पेइ शिमिन होते, ज्यांग रोंगही होत्या. उत्तम जुने नमुने हातात घेऊन पाहायला मिळाल्याने हीच त्यांची खरी शाळा ठरली. पुढे नामवंत झाल्यावर संग्रहालयांच्या कपाटांत जुन्या कारागिरांच्या नावाने मांडलेली आपलीच कामं त्यांना ओळखू आली. गू यांना गोंगचुनच्या चहादाणीबद्दल शंका येणं, म्हणूनच मला फार वजनाचं वाटतं. नक्कल कशी होते ते त्यांना आतून माहीत होतं. आणि आज त्यांच्याच कामाच्या नकलांचा बाजार भरला आहे, कारण २०१५ साली त्यांचा खार आणि द्राक्षांचा चहाचा संच बीजिंगच्या लिलावात ९ कोटी २० लाख युआनला गेला.

बाजारात सांगितल्या जाणाऱ्या परीक्षा बहुतेक निरुपयोगी आहेत. धार सरळ पडते का, झाकण टिचकीला वाजतं का, उलटी ठेवल्यावर तोटी-तोंड-कान एका पातळीत येतात का, यातून कारागिरी कळते, वय कळत नाही. जुनेपणाचा रंग चहात उकळून किंवा बूटपॉलिश घासून आणता येतो. मातीतही भेसळ होते. मे २०१० मध्ये चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने लोह आणि मँगनीजची रसायनं मिसळून केलेल्या ‘जांभळ्या माती’चा पर्दाफाश केला होता. प्रयोगशाळेत भांड्याचा कण तापवून शेवटचं भाजणं कधी झालं, याचा अंदाज घेता येतो. पण त्यासाठी भांड्याला भोक पाडावं लागतं, आणि १८९० आणि १९३५ यांतला फरक अशा चाचणीने खात्रीने सांगता येत नाही. म्हणजे शांघायचा माल नेमका तिच्या हातून निसटतो.

हा प्रश्न चहादाण्यांपुरता नाही. आमच्या शिरपूरपासून जवळ, वाशीमला, १९३९ साली वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचे ताम्रपट मिळाले. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा इतिहास त्यांनी उजेडात आणला. ताम्रपटांतही बनावट निघतात. हर्षवर्धनाच्या मधुबन ताम्रपटातच, खोट्या शासनपत्रावर गाव भोगणाऱ्याचं पत्र मोडल्याचा उल्लेख आहे. म्हणून अभ्यासक राजाच्या नावावर थांबत नाहीत. अक्षरांचं वळण, भाषा (वाशीमच्या पटांत वंशावळ संस्कृतात आणि दानाचा तपशील प्राकृतात आहे), गावांची नावं, आणि इतर लेखांशी जुळणी, हे सगळं एकत्र पाहतात. वा. वि. मिराशींनी वाकाटकांचा इतिहास असाच उभा केला. चहादाणीलाही हीच रीत लागू आहे : माती, जोड, घाट, आणि काल नक्की असलेल्या थडग्यातल्या नमुन्याशी तुलना. कोरलेलं नाव सर्वांत शेवटी वाचावं.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातल्या चिनी वस्तू आहेत. चिनी पोर्सेलिनच्या बाबतीतही हेच लक्षात ठेवावं, कारण छिंग काळातले कुंभार आदराने दोनशे वर्षांपूर्वीच्या मिंग सम्राटाचं नाव बुडाखाली लिहीत. हाँगकाँगला १९८४ पासून चहाच्या भांड्यांचं स्वतंत्र संग्रहालय आहे आणि त्याचा पाया लो क्वी-सोंग यांनी दिलेल्या यीशिंगच्या संग्रहाने घातला. जमेल तिथे आधी अशी खरी भांडी बघावीत. घरी चहासाठी यीशिंगची चहादाणी घ्यायची असेल, तर चहादाणीच्या किमतीला घ्या आणि तीत दूध-साखरेचा चहा करू नका, छिद्रांत दूध राहून वास धरतो. पण नामवंताच्या सहीसाठी कुणी लाखाच्या वर किंमत सांगत असेल आणि आधीच्या मालकांचे कागद दाखवत नसेल, तर पैसे खिशातच ठेवा.