जहाज समुद्रात, कायदा बदलला

या एपिसोडची सुरुवात २०२५ मधल्या एका गोष्टीपासून करू. १९ सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी एच-वन-बी व्हिसासाठी १ लाख डॉलर भरण्याचा आदेश काढला. तो लागू होणार होता २१ तारखेपासून. सुट्टीवर भारतात आलेल्यांना कंपन्यांचे मेल गेले की ताबडतोब परत या. लोकांनी मिळेल त्या भावाला तिकिटं काढली. दुसऱ्या दिवशी सरकारने खुलासा केला की आधीपासून व्हिसा असलेल्यांना हे लागू नाही. पण एक रात्र सगळ्यांची झोप उडाली ती उडालीच.

आता प्रश्न असा, की हातात रीतसर कागद असूनही एवढी भीती का वाटावी? याचं उत्तर शोधायला आपल्याला मागे, १८८८ मधल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरात जावं लागतं.

एकोणिसाव्या शतकात हजारो चिनी मजूर कॅलिफोर्नियात आले. सोन्याच्या खाणी, शेती आणि रेल्वे. १८६९ मध्ये पूर्ण झालेल्या अमेरिकेच्या आरपार जाणाऱ्या रेल्वेचा पश्चिमेकडचा मोठा भाग त्यांनीच बांधला. पुढे मंदी आली, नोकऱ्या कमी झाल्या आणि राग निघाला तो त्यांच्यावर. १८८२ मध्ये कायदा झाला, की १० वर्षं नवीन चिनी मजुरांना प्रवेश बंद.

पण जे आधीच तिथे होते त्यांचं काय? त्यांना घरी जाऊन परत यायची मुभा होती. निघताना बंदरावर एक सर्टिफिकेट घ्यायचं, परत आल्यावर तेच दाखवायचं. आजच्या भाषेत सांगायचं तर री-एंट्री परमिट. १८८४ मध्ये नियम आणखी कडक झाला आणि या सर्टिफिकेटशिवाय दुसरा कुठलाही पुरावा चालेनासा झाला.

चाए चॅन पिंग नावाचा एक मजूर १८७५ पासून सॅन फ्रान्सिस्कोत राहत होता. २ जून १८८७ ला तो सर्टिफिकेट घेऊन 'गेलिक' जहाजाने चीनला गेला. सगळं नियमानुसार. ७ सप्टेंबर १८८८ ला त्याने हाँगकाँगहून परतीचं जहाज पकडलं, नाव 'बेल्जिक'.

तो भर समुद्रात असताना इकडे निवडणुकीचं वातावरण तापलं होतं. चिनी मजुरांच्या विरोधात बोललं की मतं मिळायची. १ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी स्कॉट कायद्यावर सही केली. आधी दिलेली सगळी सर्टिफिकेटं रद्द! आणि एका आठवड्याने, ८ ऑक्टोबरला, 'बेल्जिक' बंदरात शिरलं. चाए चॅन पिंगने कागद पुढे केला. अधिकाऱ्यांनी सांगितलं, हा आता चालत नाही.

असे सुमारे २०,००० लोक देशाबाहेर होते. त्यांची कामं, खोल्या, येणी, साठवलेले पैसे, सगळं अमेरिकेत.

चाए चॅन पिंग सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. त्याच्या बाजूने मुद्दे भक्कम होते. १८८० च्या करारात अमेरिकेनेच चीनला लिहून दिलं होतं, की आधीपासून राहणारे मजूर मोकळेपणाने ये-जा करू शकतील. वर सरकारनेच दिलेला कागद. पण १३ मे १८८९ ला कोर्टाने एकमताने निकाल दिला. न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांनी लिहिलेल्या निकालाचा अर्थ असा: कोणाला आत घ्यायचं हा देशाच्या सार्वभौम अधिकाराचा भाग आहे. नंतर केलेला कायदा आधीच्या कराराला मागे टाकतो. आणि परत यायची परवानगी हा हक्क नाही, सरकारला वाटेल तेव्हा ती काढून घेता येते.

चिनी मजुरांवरची बंदी १९४३ मध्ये उठली. तेव्हाही चीनसाठी कोटा मिळाला वर्षाला फक्त १०५ जणांचा. पण निकालातलं ते तत्त्व मात्र उठलं नाही. परदेशी माणसाच्या प्रवेशाबाबत सरकारला फार मोठी मोकळीक, हा अमेरिकन कायद्याचा पाया आजही तोच आहे.

म्हणूनच आजच्या व्हिसाकडे नीट बघा. पासपोर्टवरचा स्टॅम्प असला की विमानात बसता येतं आणि दारात उभं राहता येतं. आत सोडायचं की नाही, हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. आत किती दिवस राहायचं ते वेगळ्या नोंदीवर, आय-९४ वर असतं. त्यामुळे अमेरिकेत राहणं पूर्ण कायदेशीर, पण स्टॅम्प संपलेला, असं सर्रास होतं. राहत असाल तोवर काही अडत नाही. आईच्या ऑपरेशनला पुण्याला आलात, की परतीसाठी वकिलातीत नवीन स्टॅम्प घेणं आलं. २००४ पर्यंत तो अमेरिकेतच पोस्टाने मिळायचा. मग बोटांचे ठसे सक्तीचे झाले आणि ती सोय गेली. २०२४ च्या सुरुवातीला फक्त २०,००० अर्जांपुरता एक प्रयोग झाला, तेवढंच.

चाए चॅन पिंगला शेवटी परत पाठवलं गेलं. त्याच्याकडचा कागद खरा होता, तारीख बरोबर होती, चूक काहीच नव्हती. त्यामुळे पुढच्या वेळी अमेरिकेतला मित्र बहिणीच्या लग्नाला "बघतो, जमलं तर येतो" म्हणाला, तर त्याला लगेच नावं ठेवू नका. तो तिकिटाचा नाही, परतीच्या दाराचा हिशोब करत असतो.